जुलै सोसेल तेच सामान: कुडाळजवळच्या एका चिरेबंदी घराची गोष्ट

हे प्रकरण माझ्या आतेभावाच्या गावच्या घराचं आहे. कुडाळपासून थोडं आत, सावंतवाडीच्या बाजूला. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे खळं म्हणजे अंगण आणि त्यात तुळस, मग पडवी, ओटी, माजघर, त्याला लागून देवाची खोली आणि बाळंतिणीची खोली, मागे रांधपाची खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. आत्या गेल्यापासून घर फक्त मे महिन्यात आणि चतुर्थीला उघडायचं. आता दादा रिटायर झाला आणि दोघांनी ठरवलं की वर्षातला निम्म्याहून जास्त वेळ इथेच राहायचं, आणि त्यात अख्खा पावसाळा धरूनच राहायचं कारण वहिनींना पावसातलंच कोकण हवं होतं. मी पुण्यात इंटिरियरची कामं करते, त्यामुळे "बघ गं जरा" म्हणून ते माझ्याकडे आलं.

माझ्याकडे यायच्या आधी एक प्लॅन तयार होता, ठाण्यातल्या एका डिझायनरकडून केलेला. त्यात ओटीवर एल आकाराचा सोफा, माजघरात सहा खुर्च्यांचं डायनिंग, बाळंतिणीच्या खोलीत स्टोरेजवाला बॉक्स बेड, रांधपाच्या खोलीत मॉड्युलर किचन, माजघराला जिप्समचं फॉल्स सीलिंग, आणि "गावचा फील" यावा म्हणून जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटमधून राजस्थानी कोरीव दरवाजाचं केलेलं टेबल, बैलगाडीच्या चाकाची काच लावलेली टीपॉय आणि ओटीवर दोन तमिळनाडूतल्या चेट्टिनाड पद्धतीचे काळे खांब. चित्रात सगळं सुंदर दिसत होतं हे मी मान्य करते, आणि ओशिवऱ्यात खरंच देखणं जुनं लाकूड मिळतं. पण गावाकडचं म्हणजे कुठल्या गावाकडचं, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मारवाडातल्या कोरड्या हवेत घडलेली वस्तू सिंधुदुर्गात आणून ठेवली की ती गावची होत नाही. इथे जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, आणि वर आंबोलीला तर त्याच्या दुप्पट. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही.

मी दादाला एवढंच सांगितलं की हे घर दोन गोष्टींसाठी बांधलंय, एक पाऊस आणि दुसरी चतुर्थी, आणि आपण जे काही आत आणू ते या दोघांना विचारून आणायचं, मे महिन्यातल्या फोटोला विचारून नाही. पुढचं सगळं त्यातून निघालं.

आधी खिडक्या, कारण सोफ्याचा निकाल तिथेच लागला. ओटीच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर आहे. आताच्या फ्लॅटमध्ये ती तीन फुटांवर असते. जुन्या लोकांनी खिडकी इतकी खाली का ठेवली तर माणसं खाली बसायची, चटईवर, पाटावर, आणि बसलेल्या माणसाच्या अंगावर वारा यायला हवा तर खिडकी त्याच्या खांद्याच्या खालूनच सुरू व्हायला हवी ना. आता तिथे सोफा ठेवा, त्याची पाठ साधारण बत्तीस-तेहतीस इंच, म्हणजे निम्मी खिडकी गेली, वारा गेला, उजेड गेला, आणि सोफ्याच्या पाठीला बाहेरची ओल चिकटून बसली. उकाडा होतो म्हणून मग एसी बसवायचा, आणि कौलारू घरात एसी लावायचा तर वर सीलिंग करून ते सगळीकडून बंद करायचं, आणि बंद केलं की बुरशी. एका सोफ्यापायी घराचा श्वास बंद होतो.

पण दादाचे गुडघे दुखतात, तो खाली बसू शकत नाही, आणि हे वय झालेल्या माणसाला "आपली परंपरा" म्हणून चटईवर बसवणं मला अजिबात पटत नाही. त्यामुळे ओटीवर भिंतीला लागून बिनपाठीचा लाकडी बाक केला, सतरा इंच उंच आणि वीस इंच रुंद, वर पातळ गादी, तिचा खोळ काढून धुता येणारा. पाठ टेकायची तर भिंत आहे. खिडकीसमोर मात्र बाकसुद्धा नाही, तिथे मोकळं. आणि पडवीत एक आरामखुर्ची, लांब हातांची, वेताने विणलेली, ती घरातलीच, माळ्यावर पडलेली होती. तिचा वेत तुटला होता तो नवीन विणून घेतला. त्या खुर्चीत बसलं की पाय वर हातांवर टाकता येतात, दादा आता दुपारी तिथेच असतो.

शेजारच्या काकी, म्हणजे दादाच्या चुलतघरातल्या, त्या पहिल्या दिवशी तो प्लॅन बघून एकच बोलल्या होत्या, "सोफो हाडतलास, मगे आरतीक माणसा खंय उभी रवतली?" ठाण्याच्या चित्रात ही माणसं धरलेलीच नव्हती. चतुर्थीला या घरात मुंबई, पुणे, बेळगावहून सगळे येतात, वाडीतले भजनाला येतात, चाळीस-पन्नास माणसं माजघरात आणि ओटीवर मिळून बसतात, मधे पखवाज, टाळ, पेटी, नंतर बायकांच्या फुगड्या, आणि रात्री त्याच जमिनीवर ओळीने अंथरुणं. म्हणजे तेवढे दिवस माजघर रिकामं हवंच. मग सहा खुर्च्यांचं डायनिंग उचलून ठेवायचं कुठे, खळ्यात तर पाऊस.

आणि माटवी. गणपतीच्या वर जी लाकडी चौकट टांगतात, नारळ, सुपारीची शिपटं, कवंडळं, आंब्याचे टाळे लावून, ती माटवी वरच्या वाशांना किंवा तुळईला बांधलेली असते आणि भरली की तिचं वजन चांगलंच होतं. या घरात त्यासाठी तुळईला लोखंडी कड्या आहेत, दादाच्या आजोबांच्या वेळच्या. जिप्समचं सीलिंग केलं असतं तर कड्या त्याच्या वर गाडल्या गेल्या असत्या! मी चित्रात त्या कड्या दाखवल्या तेव्हा दादानेच सीलिंग कॅन्सल केलं, मला काही बोलावं लागलं नाही. तसंही कौलं कधीतरी सरकतात, माकडं नाचून जातात, एखादं फुटतं, थेंब गळतो. उघड्या छपराला कुठून गळतंय ते दिसतं आणि माणूस चढून कौल बदलतो. जिप्सम असेल तर पाणी आत साचत राहतं आणि डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तर जेवायचं टेबल असं केलं: फणसाच्या तीन फळ्या खालून पट्ट्यांनी जोडलेल्या, आणि त्या दोन घोड्यांवर ठेवायच्या, सुतार काम करताना लाकूड ठेवतात तसल्या घोड्या, फक्त नीट रंधा मारलेल्या. एरवी माजघरात चार माणसं जेवतात. चतुर्थीच्या आधी फळी उचलून माळ्यावर, घोड्या मागच्या पडवीत, आणि त्याच घोड्यांवर प्रसादाची भांडी. खुर्च्यांऐवजी दोन बुटकी बाकडी आणि दादासाठी एक खुर्ची. बाकीच्यांसाठी आत्याचे पाट होतेच, कोपऱ्यात उभे करून ठेवलेले, त्यांना नुसतं तेल लावलं.

फणसाचं लाकूड कुठून आलं ते सांगायलाच हवं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं तेव्हा परसातला मोठा फणस आडवा झाला होता. काकांनी तेव्हाच तो कापून फळ्या करून मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या सामान ठेवायच्या खोपटात, पट्ट्या टाकून रचून ठेवल्या होत्या, मधे मधे फटी ठेवून, म्हणजे हवा खेळत राहील. लाकूड सुकायला एक इंच जाडीला साधारण एक वर्ष धरतात, त्यामुळे आम्ही हात लावेपर्यंत ते पूर्ण तयार होतं. उभा फणस तोडायचा असता तर वेगळी गोष्ट, महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही सगळी झाडं आहेत, आपल्या मालकीच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी काढावी लागते, आणि नुसत्या टेबलासाठी उभं झाड तोडूच नये असं माझं मत आहे. मेस्त्री तर मी सागाचा रेट विचारला तेव्हा वैतागलेच, "घरचो फणस आसताना भायरसून कित्याक हाडूचा?" आणि खरं होतं त्यांचं. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो, वर्षं जातील तसा तांबूस तपकिरी होत जातो, वाळवी त्याला सहजी लागत नाही, आणि या घराची दारं मुळात फणसाचीच आहेत. नवीन बाक आणि जुनं दार आज वेगळे दिसतात, पण रंग एकाच दिशेने चाललाय. म्हणून मी त्यावर डार्क पॉलिश मारू दिलं नाही, नुसतं जवसाचं तेल.

आंब्याचं लाकूड मात्र टाळलं. स्वस्त मिळतं, जोधपूरकडून येणाऱ्या बऱ्याच "रस्टिक" फर्निचरमध्ये तेच असतं, पण नीट ट्रीटमेंट नसेल तर त्याला भुंगा लागतो, खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो आणि एकदा घरात शिरला की वाशांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय कोरड्या भागात घडलेलं लाकूड तिथे आठ-दहा टक्के ओल धरून असतं, इथे पावसाळ्यात ती पंधराच्या वर जाते, लाकूड आडवं फुगतं, ड्रॉवर अडकतात, टेबलाचा टॉप धनुष्यासारखा वाकतो. मेस्त्रींनी कपाटांच्या दारात फळी चौकटीत नुसती खाचेत बसवली, गोंद न लावता, म्हणजे तिला फुगायला जागा राहते. जुन्या दारांत हेच केलेलं आहे, बघा कधीतरी नीट.

प्लायवूड पूर्ण टाळता आलं नाही. जिथे लागलं तिथे आयएस ७१० शिक्क्याचं मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय वापरलं, आयएस ३०३ चं, नुसत्या दमटपणापुरतं एमआर ग्रेड नाही, आणि एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड तर घराच्या आसपास नको म्हणून सांगितलं. ऑनलाइन मिळणारी जवळपास सगळी स्वस्त कपाटं पार्टिकल बोर्डची असतात, पहिल्या पावसात खालची कड बिस्किटासारखी फुगते. वहिनींनी आधीच मागवलेलं एक बुकशेल्फ ठाण्याच्या घरीच ठेवलं.

झोपायची खोली. बॉक्स बेडवर आमची खरी चर्चा झाली, कारण वहिनींचा मुद्दा बरोबर होता, सामान ठेवायचं कुठे? पण बॉक्स बेड म्हणजे जमिनीला चिकटलेली बंद पेटी, आणि कोकणातल्या जमिनीवर बंद पेटी म्हणजे जुलैमध्ये आतल्या गोधड्यांना कुबट वास आणि पांढरी बुरशी ठरलेली. त्यामुळे पाय उंच असलेला पलंग, खाली झाडू सहज फिरेल एवढा, गादीखाली सलग प्लाय नाही तर पट्ट्या, दोन पट्ट्यांत दोन इंच फट, म्हणजे गादीला खालून हवा लागते. चार खांब घेतले मच्छरदाणीसाठी, कारण मच्छर आहेतच आणि जाळीच्या खिडक्या केल्या तर वारा निम्मा होतो. पांघरुणं, आत्याच्या जुन्या साड्यांच्या वाकळी, या सगळ्यांसाठी माजघरातल्या आतल्या भिंतीतलं जुनं फडताळ वापरात आणलं. आतली भिंत मुद्दाम. बाहेरच्या भिंतीतलं फडताळ पावसाळ्यात पाठीकडून गार आणि ओलं होतं, तिथे फक्त भांडी आणि काचेच्या बरण्या. दारांना वरखाली तिरप्या पट्ट्या दिल्या, हवा जायला. लोखंडी कपाट एक होतं ते भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि पायाखाली लाकडी ठोकळे दिले, पाठ गंजायची थांबली.

भिंतींबद्दल थोडं, कारण फर्निचर कितीही चांगलं असलं तरी भिंत ओली असेल तर काही उपयोग नाही. चिरा सच्छिद्र दगड, जमिनीतलं पाणी वर ओढतो. जुनं घर चुन्याचं होतं, चुना ती ओल बाहेर सोडतो. मधे कधीतरी ओटीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट मारलेला, तो तीन फुटांपर्यंत फोडांनी भरला होता. ओल आत अडकते, बाहेर पडायला जागा नाही, मग पेंट ढकलते. तो गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केला आणि वर चुन्याचीच सफेदी. हे काम फर्निचरच्या आधी झालं आणि खर्चाचा मोठा भाग यातच गेला, वहिनींना तेव्हा ते डोळ्याला न दिसणारं काम वाटत होतं. पहिला जुलै गेल्यावर त्यांनीच नणंदेला फोनवर समजावून सांगितलं.

जमीन ओटीची आणि माजघराची लाल कोब्याची, ती तशीच ठेवली. व्हिट्रिफाइड टाइल्स टाका असं निदान चार जणांनी सुचवलं. लाल कोब्याला ठिगळ लावलं की रंग जुळत नाही हे खरंय, माजघरात दोन ठिकाणी दिसतं. पण तो पायाला गार लागतो, नारळाच्या तेलाचा हात फिरवला की चमकतो, आणि पावसाळ्यात गुळगुळीत टाइल्सवर जे दव धरतं आणि माणूस घसरतो ते इथे कमी होतं. दादाच्या गुडघ्यांना ते महत्त्वाचं.

रांधपाच्या खोलीत फार काही नाही केलं. मॉड्युलरऐवजी काळ्या कडाप्प्याचे उघडे कप्पे, खाली दार नाही, स्टीलच्या रॅक, बस. गॅस आत, चूल मागच्या पडवीत, तिचा धूर वर वाशांना लागतो तो किडीला लांब ठेवतो असं इथले सगळे मानतात आणि मागच्या पडवीचे वासे खरंच सगळ्यात चांगल्या अवस्थेत आहेत.

उजेड. माजघर अंधारं होतं, दिवसासुद्धा लाइट लावावा लागायचा. तिथे कौलांमध्ये काचेची कौलं बसवली, उत्तरेच्या उतारावर, म्हणजे वर्षातला बराच काळ ऊन तिरकं आणि कमी येतं. मंगलोरी कौलाच्या मापाचीच काच मिळते हे या कौलांचं मोठं सुख, १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगलोरात कारखाना काढला तेव्हापासून हा साचा फारसा बदललेला नाही, कुडाळच्या बाजारात सहज मिळतं. रात्रीसाठी पिवळसर बल्ब, कोनाड्यात लपवलेले. पावसात वीज जाते तेव्हा त्याच कोनाड्यात चिमणीचे दिवे ठेवता येतात, कोनाडे मुळात त्यासाठीच होते.

आता सजावट, ज्याला लोक खरी सजावट म्हणतात ती. वहिनींना भिंतीवर काहीतरी हवं होतं आणि इथे आजूबाजूला इतकं आहे की राजस्थानपर्यंत जायची गरजच नव्हती. कुडाळजवळच पिंगुळी, तिथले ठाकर लोक पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करतात, रामायण-महाभारतातले प्रसंग चित्रांच्या पोथ्यांतून गाऊन सांगतात, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्याही. तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री मिळाली. तिथून नवीन काढलेली दोन चित्रं घेतली. पण कागद आणि कोकणातली भिंत यांचं जमत नाही, म्हणून फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, भिंत आणि फ्रेम यांच्यात अर्धा इंच हवा, आणि जागा आतल्या भिंतीवर. सावंतवाडीच्या चितार आळीतून लाखेच्या रंगाचे रंगीत पाट आणि नातवंडांसाठी लाकडी फळं घेतली, आणि दशावतारी गंजिफांचा एक संच, १२० पत्त्यांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा पत्ते. संच फ्रेम करून लावा असं कोणीतरी सुचवलं, वहिनींनी नाही म्हटलं, तो डब्यात आहे आणि पावसात खेळायला काढतात, नियम अजून निम्म्यांना येत नाहीत तरी. हे मला फार आवडलं.

बैलगाडीचं चाक शेवटी आलंच नाही. मांगरात आत्याची घडवंची सापडली, हंडे ठेवायची, ती ओटीवर आणली आणि त्यावर प्यायच्या पाण्याची कळशी आणि तांब्या ठेवला. आल्यागेल्याला आधी पाणी. घंगाळात फुलं तरंगवायची फॅशन आहे, वहिनींना ते हवं होतं, पण घंगाळ न्हाणीघरात रोज वापरात आहे, तिथेच राहिलं.

पहिल्या पावसात काय टिकलं नाही तेही लिहायला हवं, नाहीतर हे अर्धवट होईल. पडवीतल्या बांबूच्या चिकांच्या पडद्यांना ऑगस्टपर्यंत काळे ठिपके पडले. काकी म्हणाल्या होत्या की पावसाची झड अडवायला झापच बांधा, माडाच्या झावळ्या विणून, दरवर्षी नवीन आणि चतुर्थीला सोडून टाकायचे, ते खर्चाने कमी आणि टिकाऊपणाचा प्रश्नच नाही कारण टिकवायचेच नाहीत. पुढच्या वर्षी तसंच होणार. कापसाच्या गाद्या जड झाल्या, त्यातली एक बदलून काथ्याची घेतली, दुसरी माळ्यावरच्या पाहुण्यांसाठी ठेवलीय आणि ऊन पडलं की खळ्यात टाकावी लागते. दादाने मुंबईहून आणलेल्या चामड्याच्या बॅगांवर बुरशी आली, बाकावरच्या गादीवर आली नाही.

एका गोष्टीवर वहिनींचं आणि माझं अजून जमलेलं नाही, त्यांना बाळंतिणीच्या खोलीत एसी हवाय, मे महिन्यातल्या रात्रींसाठी, आणि दादाला झोप लागत नाही हेही खरंय. त्या खोलीवर आधीपासून लाकडी पाटई, म्हणजे फळ्यांचं छत आहे, म्हणजे फक्त तेवढी खोली बंद करता येते, बाकी घराला धक्का न लावता. मी मेस्त्रींना फटींना पट्ट्या मारायचा अंदाज काढायला सांगितलंय, पावसाळा संपला की ते बघायला येतील आणि त्याच फेरीत मागच्या पडवीचा उखडलेला कोबासुद्धा करून घ्यायचाय.